कोरा ठेवलेला खण

२० मे

माझ्याच घरात मला म्हणते, "आजी, मिक्सर बंद कर!" चटणी अर्धी वाटलेली. बंद केला. मग पाटा काढला तर आतून पुन्हा आवाज — "आजी, ते घासणं पण पलीकडं ऐकू येतंय." पलीकडं म्हणजे पुण्यात. जवळा बाजारातल्या माझ्या पाट्याची पुण्यातल्या लोकायला तकलीफ! आता चटणी कशानं वाटू, दातानं?

विश्वंभरानं त्याची पोरगी कोमल इथं आणून ठेवली त्याला दीड वर्ष होईल. "माय, तुला सोबत व्हईल," म्हणला. खरं कारण म्हणजे त्याचं संभाजीनगरचं घर दोन खोल्यांचं, तिथं पोरीला बसून काम करायला जागा न्हाई. अन् माझ्या घरामागंच मोबाईलचा टावर. म्हणजे सोबत टावराची. माझ्या वाट्याला बंद दार. साडेनऊला मधली खोली लागते, जेवायला उघडते, पुन्हा लागते. आतून दिवसभर बोलणं येतं, हसणं येतं. माझ्याशी तीन दिवसांत बोलली ते एवढंच — मिक्सर बंद कर.

२१ मे

आज "भाजीत मीठ जास्त झालंय" बी म्हणली. एक वाक्य वाढलं.

२३ मे

सकाळपासून लाईट न्हाई. दुपारी इन्व्हर्टर बी बसला. बिळात पाणी शिरल्यावर उंदीर येतो तशी पोरगी बाहेर आली अन् ओसरीवर टेकली.

म्हणलं, आता सापडलीस. सांग, दिवसभर करतेस काय?

"प्रोग्राम, आजी."

"ते ऐकलंय. त्यात करतेस काय?"

बियाण्याच्या एका मोठ्या कंपनीचं काम हिच्या हापिसाकडं हाय. गावोगावचे दुकानदार मागणी पाठवतात — अमुक बियाणं, इतक्या पिशव्या. ती मागणी प्रोग्राममधून फिरत फिरत जाते, अन् शेवटी गोदामात ट्रक भरतो. प्रोग्राम हिच्या जन्माआधीचा. त्याला ठिगळं लावायचं काम हिचं. म्हणलं, बियाण्याचं मला सांगू नको. आमचे मालक होते तवर बाजारातल्या आमच्या बियाण्याच्या दुकानात एकवीस वर्षं मी बसले.

"तेच तर. तुला लवकर कळेल," म्हणली. "दुकानात तू एकटी होतीस. इथं एकटं कोणी नसतं. प्रोसिजर असतात. प्रोसिजर म्हणजे एकेक कामवाली समज. पहिली मागणी घेते, दुसरी तपासते, तिसरी गोदामात माल आहे का बघते, चौथी ट्रकची चिठ्ठी काढते. अन् एकीनं दुसरीला सगळं एकदमच द्यायचं असतं, सुटं सुटं नाही." उठली अन् चुलीजवळचा माझा मसाल्याचा डबाच घेऊन आली! "शेजारच्या भिकाआजीनं हळद, तिखट, जिरं, मोहरी मागितली तर चार खेपा करशील का? डबाच देशील. तसाच खणाखणाचा डबा. एका खणात दुकानदाराचं नाव, एकात गाव, मग बियाणं, पिशव्या, तारीख. अन् शेवटच्या खणात — मागितलेलं नसलं तर त्याऐवजी दुसरं कोणतं चालेल ते. डेटा स्ट्रक्चर म्हणतात याला."

"अन् वाट्या अदलाबदल झाल्या तर?"

"तर हळद म्हणून मोहरी पडते. ती बघत नाही ना. तिला फक्त जागा माहीत."

"म्हणजे कामवाल्या आंधळ्या."

हसली. माझ्या बोलण्यावर कोणी हसलं. बरं वाटलं का? वाटलं असेल.

मी विचारलं, एकीनं डबा दिला की तिच्याकडं काय उरतं? तर एकदम सरसावून बसली. "बरोबर विचारलंस! दोन रीती आहेत. एक, डब्याची नक्कल करून द्यायची. मग पुढचीनं काही कालवाकालव केली तरी आपला डबा तसाच. दुसरी, डबा कुठं ठेवलाय तेवढंच सांगायचं. ती जाऊन त्याच डब्यात हात घालते. आमच्या जुन्या प्रोग्राममध्ये ही दुसरी रीत. एकच डबा, सगळ्याजणींचे हात त्यातच."

"मग कोणी काय टाकलं ते कसं कळावं?"

"नाहीच कळत. म्हणून तर—"

लाईट आली. वाक्य तिथंच टाकून उठली. दार लागलं. मसाल्याचा डबा ओसरीवर उघडाच. जिऱ्यात माशी.

२६ मे

आज त्या यंत्रातून एक जण मला "राम राम, आजी" म्हणला! मी चहा ठेवायला आत गेले होते. लालसिंग नाव. आपल्याकडचाच, सेनगावकडच्या तांड्यावरचा, पुण्याला हिच्याच हापिसात हाय. ट्रकची चिठ्ठी काढणारी जी शेवटची कामवाली, ती ह्यानं लिहिलेली.

"आजी, जवळ्याला भाजी काय केली आज?"

म्हणलं, वांगं. तू काय खाल्लंस?

"मेसमधलं. काय व्हतं ते अजून कळालं न्हाई."

कोमलनं मला डोळ्यानंच बाहेर काढलं. पण बोललं लेकरू.

२७ मे

आज आत चहा ठेवायला तीनदा गेले. लालसिंग नव्हता. दुसरेच कोणी. त्यायला मी दिसत न्हाई.

२९ मे

बाजारात गोंधळ! आमचं दुकान आता कोंडीबा चालवतो. शटरसमोर पन्नास-साठ माणसं. कोंडीबा मला बघून खाली उतरला.

"काकू, तुमीच सांगा ह्यायला! मी मागवलं लवकर येणारं सोयाबीन. फक्त तेच. आन् गाडीतून उतरलं उशिरा येणारं!"

आपल्या इकडची हलकी रानं. उशिरा येणारं वाण पेरलं तर शेवटचं पाणी मिळत न्हाई, शेंगा चपट्या राहतात. हे लहान लेकराला बी कळतं. एक जण ओरडत होता, "कोंडीबानं गोदामवाल्यांशी संगनमत केलंय." कोंडीबाचा सदरा घामानं अंगाला चिकटलेला. तो कागद काढून काढून दाखवून राहिला — "हे बघा, शेवटचा रकाना म्या कोरा ठेवला. दुसरं चालंल असं कुठं लिवलं?"

कोणती कंपनी म्हणून विचारलं. हिचीच.

घरी येऊन सांगितलं. पोरीचा चेहरा पडला. म्हणली, "आजी, एकट्या कोंडीबाकाकाचं नाही. सकाळपासून एकेचाळीस दुकानं झाली." अन् दार लागलं.

३० मे

जेवली न्हाई. ताट झाकून ठेवलं ते तसंच.

आतून रेवतीबाईचा आवाज. ती हिची साहेबीण. आवाज चढवत न्हाई, अन् तेच वाईट. "शेवटची चिठ्ठी कोणाच्या प्रोसिजरमधून निघते? लालसिंगच्या. मग उत्तर लालसिंगनंच द्यायचं."

लालसिंग म्हणून राहिला, "मॅडम, माझ्याकडे डबा आला तेव्हा त्या खणात भरलेलं होतं. मला वाटलं दुकानदारानंच भरलं."

"प्रूव्ह करून दाखव."

कसं दाखवणार? डबा एकच, हात सगळ्यांचे. हे मला कळलं, त्या बाईला कळेना?

३१ मे

कोमल पडद्यासमोरून हलत न्हाई. सगळ्या कामवाल्या ओळीनं वाचून राहिली. मिक्सर मी आपणच लावला न्हाई.

१ जून

भिकाबाईनं परवा शेवयाचा डबा दिला होता. भिंतीपलीकडची भिकाबाई. ती, मी, दोघी विधवा, ती बोलकी. डबा धुऊन पुसून मी कोमलच्या हाती दिला, जा देऊन ये, तेवढंच तुझे पाय मोकळे होतील.

पाव तास झाला अन् भिकाबाई दारात. डबा हातात. झाकण उघडलेलं. आत पेढे!

"द्वारकाबाई, मला मारायचं ठरवलंय का? दोन महिने झाले सुई टोचून घिऊन राहिले मी! डॉक्टर म्हणला गोडाकडं बघायचं बी न्हाई!"

म्हणलं, मी कुठं घातले? कोमल म्हणली, "मी घातले. रिकामा डबा परत देऊ नये ना, आजी? तूच सांगतेस नेहमी. देवघरात पेढे होते."

मी भडकले. तीन दिवसांचं साठलेलं सगळंच बाहेर आलं. "अगं, भिकाबाईला शुगर हाय म्हणून मी तो मुद्दाम रिकामा ठेवला होता! रिकामा म्हणजे विसरले असं काहून समजलीस? रिकामाच द्यायचा होता मला. तू मधल्या मधी भरणारी कोण?"

भिकाबाई म्हणली, "जाऊ द्या, लेकरूच ते."

लेकराचं ध्यानच नव्हतं. दारात खांबाला धरून उभी. तोंडातल्या तोंडात म्हणली, "मुद्दाम रिकामा." अन् पळाली आत.

भिकाबाईनं दोन पेढे खाल्ले, जाताना. मी बघितलं न्हाई असं दाखवलं.

२ जून

सापडलं!

तपासणारी जी दुसरी कामवाली, ती कोमलची. मार्चमध्ये लिहिलेली. दुकानदार खण कोरे सोडतात अन् प्रोग्राम अडतो, म्हणून ते बघ, असं हिला रेवतीबाईनं सांगितलेलं. हिनं काय केलं — शेवटचा खण कोरा दिसला की यादीतलं पहिलं वाण त्यात घातलं. अन् घातलं ते नकलेत न्हाई, मूळ डब्यातच. पुढच्या कामवालीनं बघितलं, खण भरलेला. तिनं मानलं की दुकानदार म्हणतोय दुसरं चालंल. गोदामात लवकर येणारं कमी होतं. दिलं ठोकून उशिरा येणारं. लालसिंगच्या कामवालीनं चिठ्ठी काढली. ट्रक सुटला.

कोंडीबाचा कोरा खण म्हणजे "दुसरं नको" असं सांगणं होतं. मध्येच पुसलं गेलं. पुसणारी माझी नात.

दोन तासांत दुरुस्त केलं. आता त्या कामवालीला डब्याची नक्कलच मिळणार, मूळ डब्याला हात लागणार न्हाई. उद्यापासून गाड्या बराबर जातील. गेलेल्या गाड्या कंपनी बदलून देणार.

आज जेवली. मी म्हणलं, सांगितलं का साहेबिणीला?

"दुरुस्त झालं असं सांगितलं."

"कोणाचं चुकलं ते?"

भाकरी मोडत बसली.

४ जून

लालसिंगचा आवाज न्हाई. म्हणून सकाळी विचारलं. तर म्हणली, त्याला कामावरून बाजूला बसवलंय. शुक्रवारी ठरणार, ठेवायचं का काढायचं.

"तुला कळत नाही, आजी. मी सांगितलं तर मला काढतील. नाही काढलं तर पुण्याला बोलावून समोर बसवतील, घरून काम बंद. मग तू इथं एकटी."

मला सांगते एकटी! म्हणलं, "पोरी, तू इथं असून मी कोणती दुकटी हाय? तू दाराच्या आत, मी बाहेर. भिंतीशी बोलले तर भिंत निदान गप बस म्हणत न्हाई."

लागलं तिला. लागावं म्हणूनच बोलले.

"अन् माझं नाव पुढं करू नको. तांड्यावरच्या त्या पोराच्या आईला कोणी विचारलं का, ती एकटी हाय का दुकटी? तुझ्या हातचं त्याच्या ताटात वाढून ठेवलंस अन् आता भाकरी गिळून राहिलीस."

"आजी, तुला सगळं माहीत नाही—" म्हणली अन् ओठ मिटले. रडली न्हाई. माझ्यावर गेलीय.

खरं सांगायचं तर बोलले, पण ती पुण्याला गेली तर काय, हे मनात येतच होतं. मिक्सर लावता येईल. पाटा घासता येईल. कोणी ओरडणार न्हाई. चटणी खायला बी कोणी न्हाई. असो.

५ जून

काही न्हाई. दोघी गप. भिकाबाई म्हणली, तुमच्या घरातून आवाज न्हाई, काय झालं? म्हणलं, जे होतं तेच.

६ जून

सांगितलं तिनं.

आज दार लावलंच न्हाई. मी उंबऱ्यावर गवार मोडत बसले, ती मला बघत होती पडद्यावरून मान वर करून करून. पडद्यावर रेवतीबाई, आणखी दोन टाय लावलेले, अन् कोपऱ्यातल्या चौकोनात लालसिंग, दाढी वाढलेली.

"मॅडम, तो खण माझ्या प्रोसिजरमध्ये भरला गेला. लालसिंगचा काही संबंध नाही. मला चार दिवसांपासून माहीत आहे. मी सांगितलं नाही."

मग रेवतीबाई म्हणली, "कोरा खण म्हणजे 'कोणतंही चालेल', हे तू कशावरून ठरवलंस? कंपनीला विचारलंस? मला विचारलंस? कोणाला विचारून केलंस?"

कोमलनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं धीर मागून राहिली. मी मान हलवली, बोल म्हणून.

"कोणालाच नाही," म्हणली. "माझ्याच मनानं केलं."

"दहा तारखेला अकरा वाजता फोन करते. तोवर हात लावू नकोस कशाला."

पडदा काळा व्हायच्या आधी लालसिंग म्हणला, "आजी, राम राम." मी गवारीचं ताट तसंच खाली ठेवलं अन् हात जोडले. त्याला दिसलं का न्हाई, कोण जाणे.

७ जून

यंत्र बंद. पोरगी दिवसभर माझ्यासोबत. पापड वाळवले. काय बोलावं दोघींना बी सुचेना. सवयच न्हाई. शेवटी तिनंच विचारलं, "आजी, दुकानात तू चुकली होतीस का कधी?" म्हणलं, न्हाई. एकवीस वर्षांत एकदा बी न्हाई! "हो," म्हणली, अन् पापड उलटायला उठली. कशाला विचारलं कोण जाणे.

८ जून

बॅग काढून झटकून उन्हात टाकली तिनं. पुण्याला जायची तयारी का संभाजीनगरला, तिला बी ठाऊक न्हाई. मी म्हणलं, बरंच झालं, खोलीत कोळ्यांची जाळी झालीत, काढता येतील. ती म्हणली, "काढ." एवढंच.

जाळी बिळी काही न्हाईत तिथं.

९ जून

कोंडीबाचा माल बदलून आला. तो पेढे घेऊन आला होता. म्हणला, "काकू, तुमच्या कोमलनं नीट केलं म्हणं!" कोमल घरात असून बाहेर आली न्हाई. पेढे भिकाबाईला दिले न्हाईत.

१० जून

गॅसची टाकी कधी लावली ते बघायला सकाळी ही वही मागं उलटली. टाकी सापडली न्हाई. अकरा मार्च सापडला. अक्षर माझंच —

"आज कोमल आपणहून बाहेर आली. म्हणली, आजी, तू दुकानात बसलीस, म्हणून तुला विचारते. दुकानदारानं दुसरं बियाणं कोणतं ते लिहिलंच न्हाई, तर काय समजायचं? म्हणलं, समजायचं काय, कोणतं बी चालतं त्याला! गिऱ्हाईक मोकळ्या हातानं कोण परत लावतं? यादीतलं पहिलं घाल. तिनं लिहून घेतलं. म्हणली, थँक्यू आजी. मला कोणी काही विचारलं त्याला किती वर्षं झाली! सांजच्याला धपाटे केले."

मी हे साफ विसरले होते, अन् वर एवढी तोंड टाकत होते, तरी पोरगी बोलली न्हाई. रेवतीबाईला न्हाई, मला न्हाई.

अकरा वाजायला वीस मिनिटं हायत. पोरीचा फोन माझ्या पदरात बांधलाय. कोमलनं तो उचलायचा न्हाई, अन् लालसिंगला कोणी विचारायचं न्हाई. काय विचारायचं ते द्वारकाबाईला विचारा!